भट्टी शेजाऱ्याची, तहान ओमानची

१९ जून २०२५ रोजी इस्रायली लष्कराच्या प्रवक्त्याने इराणमधल्या बुशहरच्या अणुवीज केंद्रावर हल्ला केल्याचे जाहीर केले आणि थोड्याच वेळात, ते विधान चुकून झाले, असा खुलासा लष्कराकडूनच आला. मधल्या वेळात आखाताच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या माणसांना आपल्यावर नेमके काय गुदरले आहे हे कळायला मार्ग नव्हता. त्या पंधरवड्यात नतान्झ, इस्फहान आणि फोर्दो इथेही बॉम्ब पडले, पण तिथली गोष्ट वेगळी होती. तिथे होते ते युरेनियम, आणि त्याचा धोका बराचसा रासायनिक व मुख्यतः त्या परिसरापुरता असतो. बुशहरला मात्र एक हजार मेगावॉटची चालती अणुभट्टी आहे. २०११ पासून ती वीज देते आहे आणि तिच्या इंधनात आयोडीन-१३१, सिझियम-१३७ यांसारखी वाऱ्याबरोबर दूर जाणारी द्रव्ये साठलेली असतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख राफाएल ग्रोसी यांनी दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेत बजावले की बुशहरवर थेट मारा झाला तर फार मोठ्या प्रमाणावर किरणोत्सर्ग बाहेर पडेल. एवढेच कशाला, केंद्राला वीज पुरवणाऱ्या वाहिन्या तुटल्या तरी भट्टीचा गाभा वितळू शकेल.

ओमानकडे स्वतःची अणुभट्टी नाही. उलट एप्रिल २०२५ पासून अमेरिका आणि इराण यांच्यात बोलणी घडवून आणण्याचे काम मस्कतच करत होते. बोलण्यांची सहावी फेरी १५ जूनला मस्कतमध्येच व्हायची होती. १३ जूनला इस्रायलची इराणवर बॉम्बफेक सुरू झाली आणि ती फेरी झालीच नाही. ओमानची ही मध्यस्थी कौतुकास्पद आहे, तिला दुसरा पर्यायही नाही. पण ‘मुत्सद्देगिरी हीच आमची तयारी’ असे कोणी म्हणत असेल, तर त्याने या दोन तारखा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. बोलणी दोन दिवसांनी हुकली. अशा वेळी घरात काय तयार आहे, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते ओमानसारख्या देशाची अणु-आणीबाणीची तयारी आधी दोनच गोष्टींवर जोखावी: पिण्याचे पाणी किती दिवसांचे साठवलेले आहे, आणि भरवशाचा पहिला शब्द लोकांना कोणाकडून, किती वेळात, कोणत्या भाषेत मिळणार आहे. गोळ्या, तळघरे, संरक्षक पोशाख यांचा क्रम त्यानंतरचा.

पाणी आधी, कारण मस्कतच्या नळाला येते ते बहुतांशी समुद्राचे पाणी आहे. घुब्रा, बर्का, सोहार, कुरयात, सूर अशा किनाऱ्यावरच्या निःक्षारीकरण प्रकल्पांवर उत्तर ओमानमधल्या शहरांचे जगणे अवलंबून आहे. हे प्रकल्प थांबले की काय होते याची चुणूक देशाने पाहिलेली आहे. जून २००७ मध्ये गोनू चक्रीवादळ आले. सुमारे पन्नास माणसे गेली आणि मस्कतच्या अनेक भागांत नळ कोरडे पडले. २००८-०९ मध्ये समुद्रात लाल शैवालाचा असा फुलोरा आला की ओमानच्या आखातापासून पर्शियन आखातापर्यंत अनेक प्रकल्प बंद ठेवावे लागले. त्यात अणूचा काडीचाही संबंध नव्हता. म्हणजे समुद्रात काहीतरी बिघडल्याची शंका आली तरी पंप बंद होतात, आणि ते बंद करणे शहाणपणाचेच असते. प्रश्न असतो तो पंप बंद असताना शहर कशावर तगणार हा. कतारचे पंतप्रधान शेख मोहम्मद बिन अब्दुलरहमान यांनी मार्च २०२५ मध्ये एका मुलाखतीत उघडपणे सांगितले की बुशहरवर हल्ला झाला तर काय होईल याचा त्यांच्या देशाने अभ्यास केला होता आणि उत्तर आले ते असे: तीन दिवसांत पिण्याचे पाणी संपेल. या उत्तरातून कतारने प्रचंड जलाशय बांधले. सात दिवसांचा साठा हे उद्दिष्ट ठेवून २०१८ च्या डिसेंबरात त्यांचे उद्घाटन झाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत अबू धाबीने लिवाच्या वाळवंटाखाली निःक्षारित पाण्याचा भूमिगत साठा पुरा केला. दोन कोटी साठ लाख घनमीटर पाणी तिथे आहे. दहा लाख माणसांना रोज १८० लिटर या हिशेबाने ते नव्वद दिवस पुरावे, असा त्याचा हेतू आहे. शेजाऱ्यांनी आपला आकडा जगाला सांगितला आहे. ओमानच्या प्रत्येक विलायतीतल्या, म्हणजे तालुक्यातल्या, माणसालाही आपल्या गावाचा आकडा ठाऊक असायला हवा.

ओमानजवळ एक जमेची बाजूही आहे. देशात फलजांचे, म्हणजे परंपरागत जलवाहिन्यांचे, जाळे आहे आणि तीन हजारांहून अधिक फलजांत आजही पाणी वाहते. त्यांपैकी पाच २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. निझवाच्या फलज दारिसचे पाणी डोंगराच्या पोटातून, जमिनीखालच्या बोगद्यातून येते आणि वस्तीजवळ आल्यावरच उघड्या पाटात उतरते. आकाशातून पडणारी धूळ पाटावर बसेल, पण मूळ स्रोतापर्यंत लवकर पोहोचणार नाही. आणीबाणीत कोणत्या फलजाच्या आणि कोणत्या विहिरीच्या मुखाशी टँकर भरता येतील, याचा नकाशा आज काढला तर त्याला लागणारा खर्च किरकोळ आहे. बातिनाच्या किनारपट्टीवर उपसा वाढून विहिरींत खारे पाणी शिरते आहे. तो प्रश्न शेतीखात्याचा म्हणून बाजूला टाकला जातो, पण हा नकाशा काढायला बसले की तो राष्ट्रीय सुरक्षेचा आहे हे दिसेल.

पाणी साठवले की काम संपले, असेही नाही. ते केव्हा प्यावे आणि केव्हा पिऊ नये याचा आकडा संकटाआधी ठरलेला हवा. समुद्राच्या पाण्यातले सिझियम आणि स्ट्रॉन्शियम निःक्षारीकरणाच्या पडद्यांवर बहुतांशी अडते, ट्रिटियम मात्र पाण्याचाच भाग होऊन आरपार जातो. तेव्हा ‘समुद्र दूषित म्हणजे नळ विषारी’ हे समीकरण खरे नाही, आणि ‘यंत्र आहे, काळजी नको’ हेही खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेची नेहमीच्या काळासाठीची मार्गदर्शक पातळी सिझियम-१३७ साठी दर लिटरला १० बेकरेल आहे. ती आयुष्यभर पिण्याच्या पाण्याचा विचार करून ठरवलेली आहे, आणीबाणीतल्या चार दिवसांसाठी नव्हे. हा फरक कोणी समजावून सांगितलेला नसेल, तर १५ बेकरेलचा अहवाल फुटला की ‘मर्यादेच्या दीडपट विष’ अशी बातमी होईल आणि खरोखर पिण्याजोगे पाणी लोक ओतून देतील. टोकियोत २०११ साली काय झाले ते पाहण्यासारखे आहे. अपघात झालेल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या या शहराच्या कानामाची शुद्धीकरण केंद्रात २२ मार्चच्या नमुन्यात दर लिटरला २१० बेकरेल किरणोत्सारी आयोडीन आढळले. जपानने मोठ्यांसाठी ३०० आणि तान्ह्या बाळांसाठी १०० ही मर्यादा तेव्हा ठरवलेली होती. त्यामुळे २३ तारखेला सरकारला एका वाक्यात सांगता आले: बाळांना नळाचे पाणी देऊ नका, मोठ्यांना हरकत नाही. सुमारे ऐंशी हजार बाळांच्या घरी प्रत्येकी तीन बाटल्या, अशा दोन लाख चाळीस हजार बाटल्या वाटायचे ठरले. दुसऱ्या दिवशी आकडा ७९ वर आला आणि सूचना मागे घेतली. दुकानांतले बाटलीबंद पाणी संपलेच, घबराट झालीच. पण आकडा आधी होता म्हणून निर्णय एका दिवसात घेता आला आणि एका दिवसात फिरवताही आला.

यावर पहिला आक्षेप अंतराचा, आणि तो पोकळ नाही. बुशहर ते मस्कत सरळ रेषेत सुमारे साडेनऊशे किलोमीटर आहे. मुसंदमचे खसब सहाशेवर आहे. अमिरातीतला बराकाचा प्रकल्प, म्हणजे चार भट्ट्या आणि ५६०० मेगावॉट, बुरैमीपासून साडेतीनशे किलोमीटरवर आहे. अन्न आणि पाण्यावर तातडीने नजर ठेवण्यासाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था मोठ्या भट्टीभोवती तीनशे किलोमीटरचे वर्तुळ सुचवते. ओमान दोन्हींच्या वर्तुळाबाहेर पडतो. शिवाय पर्शियन आखात सरासरी जेमतेम पस्तीस मीटर खोल आणि कोंडलेले असले, तरी मस्कतसमोरचे ओमानचे आखात खोल आहे, हिंदी महासागराला मोकळे आहे. कुवेत किंवा कतार यांच्याइतका धोका ओमानला नाही, हे मान्यच करायला हवे. पण वर्तुळ कागदावर असते. चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ चा. सोव्हिएत सरकार गप्प असताना २८ तारखेला स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात कामगारांच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडला, तोही अकराशे किलोमीटरवर. वेल्सच्या डोंगरांत चरणाऱ्या मेंढ्यांवरचे निर्बंध उठायला २०१२ साल उजाडले. उन्हाळ्यातला शमाल वारा वायव्येकडून आग्नेयेकडे, म्हणजे आखाताच्या डोक्याकडून होर्मुझच्या दिशेने वाहतो. आणि किरणोत्सर्ग मुळीच आला नाही तरी शंका येते. शंकेने मासळीचा बाजार बंद पडतो. फुकुशिमाचे शुद्ध केलेले पाणी ऑगस्ट २०२३ मध्ये समुद्रात सोडायला सुरुवात झाली त्याच दिवशी चीनने जपानची सारी मासळी बंद केली. मत्रहच्या किंवा सूरच्या मच्छीमाराला आपल्या सुरमईचा निर्दोषपणा सिद्ध करायचा असेल, तर संकटाआधीची, वर्षानुवर्षांची मोजमापे हाताशी लागतील. ती संकटानंतर तयार करता येत नाहीत.

आता दुसरी गोष्ट, शब्दाची. फुकुशिमात नामिए गावची माणसे भट्टीपासून दूर म्हणून त्सुशिमा भागात गेली. किरणोत्सर्गाचा लोट त्याच दिशेने गेला. लोट कुठे जाईल याचा अंदाज देणारी संगणक प्रणाली सरकारकडे होती, तिचे निष्कर्ष लोकांपर्यंत पोहोचलेच नाहीत. चेर्नोबिलनंतर मुलांमध्ये थायरॉइडचे जे हजारो कर्करोग झाले, त्यांतले बरेचसे दुधातल्या किरणोत्सारी आयोडीनमुळे झाले. काही आठवडे दूध पाजू नका एवढे वेळेवर सांगितले असते तर ते पुष्कळ टळले असते. ओमानची लोकसंख्या पन्नास लाखांवर आहे आणि तिच्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक लोक परदेशी आहेत. एकट्या भारतीयांची संख्या सात लाखांच्या घरात आहे. त्यात मलयाळी आहेत, तेलुगू, तमीळ, गुजराती आहेत, तेलक्षेत्रांत आणि इस्पितळांत काम करणारी मराठी माणसे आहेत. शिवाय बांगलादेशी आणि पाकिस्तानी. सरकारी सूचना अरबीत निघाली, फार तर इंग्रजीत, तर रुसैलच्या कामगार वसाहतीतल्या बंगाली गवंड्यापर्यंत ती पोहोचेस्तोवर त्याच्या फोनवर चार अफवा आलेल्या असतील. ‘घरात थांबा’ ही सूचना त्याच्यासाठी पुरेशीही नाही. त्याची खोली पत्र्याच्या तयार केबिनमध्ये, बाहेर जूनचे पंचेचाळीस अंश. एसी बंद कर म्हटले तर तो गुदमरून बाहेर येईल. त्याला सांगायला हवे ते असे की एसी चालू ठेव, पण बाहेरची हवा आत घेणारी झडप सरकवून बंद कर. दाराच्या फटीत ओले फडके लाव. गच्चीवरच्या टाकीचे झाकण घट्ट बसव, तिच्यातले कालचे पाणी चांगले आहे, ते पी. बाहेरून आलास तर कपडे दाराशीच काढून पिशवीत बांध आणि अंग धू. ही वाक्ये आज सात-आठ भाषांत ध्वनिमुद्रित करून ठेवायला किती वेळ लागणार? ओमान सरकार सर्वांत गरीब कामगारापर्यंत पोहोचू शकते हे दिसलेले आहे. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उन्हातले काम बंद ठेवण्याचा नियम ते राबवते, कंत्राटदारांना जाब विचारते. त्याच कंत्राटदारावर, त्याच मुकादमावर ही सूचना पोहोचवण्याची जबाबदारी कायद्याने टाकता येईल.

लोकांना आधी सांगितले तर घबराट पसरेल, हा दुसरा आक्षेप सगळीकडचे अधिकारी घेतात, आपल्याकडे तारापूरच्या भोवतालीही तो ऐकू येतो. मार्च २०११ मध्ये फुकुशिमापासून हजारो किलोमीटर दूर चीनमध्ये लोकांनी मीठ विकत घ्यायला रांगा लावल्या, का तर मिठातल्या आयोडीनने संरक्षण मिळते अशी आवई उठली होती. आधी माहिती दिल्याने हे झाले नव्हते. कोणी काही सांगितलेच नव्हते म्हणून झाले. पोटॅशियम आयोडाइडची गोळी फक्त थायरॉइड वाचवते, फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते, आणि लोट येण्याच्या जरा आधी किंवा नंतरच्या काही तासांतच घेतली तर वाचवते. सिझियमवर तिचा काहीही उपयोग नाही. एवढी माहिती शांत काळात शाळेच्या पुस्तकात असेल तर जून २०२५ सारख्या रात्री औषधांच्या दुकानांवर झुंबड उडण्याचे कारण उरत नाही. चक्रीवादळांच्या बाबतीत ओमानने हे करून दाखवले आहे. गोनूनंतरच्या वर्षांत तिथे बहुविध आपत्तींची पूर्वसूचना देणारे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले, सुनामीचे सराव झाले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहीन वादळ बातिनावर आले तेव्हा सूचना आणि स्थलांतर आधीच सुरू झालेले होते. खर्चाचा आक्षेप घेणाऱ्यांनाही उत्तर इथेच मिळते. नवी यंत्रणा बांधायची नाही, वादळासाठी बांधलेल्या यंत्रणेत एक प्रकरण वाढवायचे आहे. पाण्याची टाकी वादळालाही लागते, शैवालालाही लागते.

भारतीयांच्या मनात अशा वेळी पहिला विचार येतो तो विमानाचा. १९९० मध्ये कुवेतहून पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे आपण आणली, २०१५ मध्ये येमेनमधून आणली, जून २०२५ मध्ये इराण-इस्रायलमधूनही हजारोंना आणले. या कामगिरीबद्दल आदर आहेच. पण सात लाख माणसांना किरणोत्सर्गाच्या भीतीखाली विमानतळाकडे धावायला लावणे म्हणजे त्यांना उघड्यावर काढणे. फुकुशिमा प्रांतात थेट किरणोत्सर्गाने जितके दगावले त्याहून कितीतरी जास्त, दोन हजारांवर माणसे, स्थलांतराच्या आणि विस्थापनाच्या हालांनी दगावली. इस्पितळांतून घाईने हलवलेल्या वृद्ध रुग्णांपासून ही गणती सुरू होते. म्हणून मस्कतमधल्या भारतीय दूतावासाचे पहिले काम तिकिटांचे नसून सूचनांचे आहे. ओमानच्या अधिकाऱ्यांनी दिलेला संदेश शब्दशः तोच, हिंदी-मलयाळम-मराठीत, एका तासाच्या आत पुढे पोहोचवायचा. भाषिक मंडळे, शाळा, देवळे, गुरुद्वारा, चर्च यांची यादी त्यासाठी आज तयार हवी. आपल्या बाजूला हे सांगू शकणारे तज्ज्ञ तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आहेत, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची अणु-आणीबाणीबद्दलची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून छापलेली आहेत. परदेशातल्या आपल्या माणसांसाठी त्यातली दोन पाने वेगळी काढायला कोणाची परवानगी लागू नये.

आणखी एक धोका बुशहरइतका भयंकर नाही, पण त्याहून संभाव्य आहे: हरवलेला किरणोत्सारी स्रोत. तेलविहिरींची तपासणी आणि वाहिन्यांच्या सांध्यांची छायाचित्रे काढण्यासाठी असे स्रोत तेलउद्योगात सर्रास वापरतात. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली एका विद्यापीठाने लिलावात विकलेले जुने यंत्र भंगारवाल्यांनी फोडले, त्यातल्या कोबाल्ट-६० ने एकाचा जीव घेतला आणि काहींना जन्माचे जायबंदी केले. हात लावणाऱ्यांना त्या धातूबद्दल कोणी काही सांगितले नव्हते. वाळवंटातल्या छावणीत असा चकाकता तुकडा ज्याच्या हाती लागेल, तो बहुधा अरबी वाचणारा नसेल.

राहता राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न, आणि इथे ओमान जे करू शकतो ते दुसरा कोणी करू शकत नाही. अणु-अपघाताची तातडीने खबर देण्याचा आंतरराष्ट्रीय करार १९८६ चा आहे आणि इराण त्यात आहे. पण भट्ट्यांच्या सुरक्षेची नियमित परस्पर तपासणी करणाऱ्या अणुसुरक्षा करारात जून २०२५ पर्यंत तो नव्हता, चालती वीजभट्टी असूनही. अमिरातीने ऑक्टोबर २०२१ मध्ये बराकातल्या काल्पनिक अपघातावर आंतरराष्ट्रीय सराव घेतला, पंचाहत्तरच्या आसपास देश त्यात सहभागी झाले. बुशहरवर असा सराव व्हायला हवा. आखाती सहकार्य परिषदेचे कुवेतमधले आपत्कालीन केंद्र त्या जूनमध्ये जागे झाले आणि किरणोत्सर्गाची पातळी नेहमीसारखीच असल्याचे सांगू लागले, हे चांगले झाले; पण त्या परिषदेत इराण नाही. इराण आणि सारे अरब शेजारी एकत्र बसतात असे एक जुने व्यासपीठ मात्र आहे. १९७८ च्या कुवेत करारातून आखाताच्या सागरी पर्यावरणासाठी प्रादेशिक संघटना उभी राहिली, तेलगळतीसारख्या आणीबाणीसाठी तिचे केंद्र बहरीनमध्ये आहे. ओमान तिचा सदस्य आहे.

वैरी देश असे करार करत नाहीत असे कोणी म्हणेल, तर त्याला आपल्याच सरहद्दीकडे बोट दाखवता येईल. ३१ डिसेंबर १९८८ रोजी भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. १ जानेवारी १९९२ पासून दर वर्षाच्या पहिल्या दिवशी दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झाले, मुंबईवर हल्ला झाला, पुलवामा झाले; यादी देण्याचा शिरस्ता मोडला नाही. त्यात मैत्री नाही, विश्वासही फारसा नाही. तरी यादी जाते. मस्कतने तेहरान, अबू धाबी, रियाध आणि दोहा यांच्यापुढे एवढाच मसुदा ठेवावा: बुशहर आणि बराका यांच्या कुंपणावरचे किरणोत्सर्गाचे आकडे दर तासाला सर्वांना खुले, शांततेत आणि युद्धातही, बहरीनच्या केंद्रात त्यासाठी एक कायमचा माणूस, आणि दोन्ही भट्ट्यांवर हल्ला न करण्याची लेखी हमी. बाहेरून बॉम्ब टाकणारे या मसुद्यावर सही करणार नाहीत हे खरे. पण भट्टीशेजारचा आकडा सर्वांसमोर असेल तर १९ जूनसारख्या दिवशी कोण्या प्रवक्त्याचे विधान खरे की चुकीचे, हे मस्कतच्या पाणीपुरवठा अधिकाऱ्याला त्याच तासाला कळेल, आणि पंप चालू ठेवायचा की बंद करायचा हे त्याला ठरवता येईल.